रानपिंगळ्याच्या ढोलीचा हिशेब

२५ नोव्हेंबर १९९७. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात एक वीतभर उंचीचं घुबड भर उजेडात उघड्या फांदीवर बसलं होतं. खालून तीन अमेरिकन पक्षी-अभ्यासक त्याच्याकडे बघत होते: पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट. पक्ष्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नव्हते. पोट स्वच्छ पांढरं, डोकं आणि चोच अंगाच्या मानानं मोठी, पायांवर दाट पिसं. दिसायला आपल्या गावातल्या पिंगळ्यासारखा, पण पिंगळा नव्हे. तो रानपिंगळा होता. त्याआधीचा त्याचा शेवटचा खरा नमुना १८८४ सालचा. मधली ११३ वर्षं तो कुणा अभ्यासकाला दिसलाच नव्हता. बहुतेकांनी त्याची आशा सोडली होती.

मी शहाद्याचा. शाळांमधून मुलांना ही गोष्ट सांगतो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो: "सर, ते लोक एवढ्या लांबून नेमके इथंच कसे आले?" प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. त्याचं उत्तर देता देता संशोधनाच्या पैशाची सगळी गोष्ट सांगता येते. हा पैसा कशाला लागतो, कुठून येतो, आणि आला तरी पक्ष्याच्या घरट्यापर्यंत का पोचत नाही, हे आपल्याकडे फारसं कुणी समजावून सांगत नाही. म्हणून हा लेख.

तर, ते इथंच कसे आले? रानपिंगळ्याचा पहिला नमुना १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडच्या भागात मिळाला, आणि १८७३ मध्ये ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढे १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं खान्देशातून काही नमुने मिळवले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे नमुने सातच. त्यातल्या एकावर चिठ्ठी होती १९१४ सालची, ठिकाण गुजरात, मिळवणारा ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षी-संग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईनं तपासला. तो पुन्हा उसवून, नव्यानं भरून शिवलेला निघाला, आणि आतल्या जुन्या कामावर डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा होत्या. म्हणजे संग्रहालयातून चोरलेला नमुना आणि वर चिकटवलेली खोटी चिठ्ठी. त्या चिठ्ठीमुळे शोधणाऱ्यांची दिशा चुकत होती. खोटं वगळल्यावर खऱ्या जागा मोजक्याच उरल्या. त्यांनी आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा धुंडाळल्या, तिथं काही मिळालं नाही. मग ते खान्देशात आले.

जंगलातल्या त्या एका सकाळीमागे, डेव्हिडसननं वाळवून ठेवलेली कातडी शंभराहून अधिक वर्षं किडीपासून, ओलीपासून जपणाऱ्या माणसांचे पगार आहेत. त्या कपाटांचा खर्च कुणीतरी दर वर्षी केला. "यातून आत्ता काय मिळणार?" असं विचारून तो कुणी बंद केला असता, तर शहाद्याला कुणी आलंच नसतं.

आता शिकारी पक्ष्यांकडे येऊ. घार, कापशी, शिक्रा, गरुड, ससाणे, भोवत्या, गिधाडं आणि घुबडं हे सगळे यात आले. कपाशीच्या वावरावर पंख फडफडवत एकाच जागी हवेत थांबलेली कापशी आपण रोज बघतो. या पक्ष्यांचा अभ्यास चिमण्या-साळुंक्यांच्या अभ्यासापेक्षा महाग पडतो. त्यांची संख्या मुळात विरळ असते, एका जोडीला मोठा टापू लागतो, आणि त्यांची वाढ संथ असते. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, आणि पिल्लू स्वतः वीण घालण्याजोगं व्हायला पाचेक वर्षं जातात. रानपिंगळ्याच्या घरट्यात बहुधा दोन अंडी असतात. अशा पक्ष्याचं बरं चाललंय की वाईट, हे एका वर्षात कळत नाही. एखाद्या वर्षी उन्हाळा कडक गेला, उंदीर-सरडे कमी झाले आणि पिल्लं जगली नाहीत, एवढ्यावरून काहीच म्हणता येत नाही. सलग आठ-दहा वर्षं त्याच जागी, त्याच पद्धतीनं, त्याच महिन्यात मोजलं तरच चढउताराची रेघ दिसते.

माझं म्हणणं असं आहे की पहिल्या शोधाला पैसा मिळतो, दहाव्या वर्षीच्या मोजणीला मिळत नाही. आणि पक्षी वाचतो तो त्या दहाव्या वर्षीच्या मोजणीनं. हे नुसतं मत नाही, गिधाडांच्या बाबतीत ते घडलेलं आहे.

१९९१ ते १९९३ या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जय सामंत, विभू प्रकाश आणि रिशाद नौरोजी यांनी देशातल्या शिकारी पक्ष्यांची पाहणी केली. पैसा अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेचा होता. ठरलेल्या रस्त्यांवरून गाडीनं जायचं आणि दिसेल तो शिकारी पक्षी नोंदवायचा, अशी पद्धत. त्या काळी गिधाडांची चिंता कुणालाच नव्हती. कुठल्याही गावाच्या हाडकीवर, म्हणजे मेलेली जनावरं टाकायच्या जागी, ती डझनांनी बसलेली असत. आज माझ्या वयाच्या माणसाला ते आठवतं, माझ्या मुलीला ऐकूनही खरं वाटत नाही. गिधाडं मोजायची गरज काय, असं त्या वेळी कुणी विचारलं असतं तर उत्तर देणं अवघड होतं. तरी ती मोजली गेली.

त्याआधी भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात प्रकाश यांनी १९८० च्या दशकात घरटी मोजली होती. १९९० च्या दशकात ते परत गेले तेव्हा झाडांखाली मेलेली गिधाडं पडलेली, आणि जिवंत असलेली मान खाली टाकून बसलेली. जुना आकडा हाताशी होता म्हणून नवा आकडा किती भयंकर आहे हे कळलं. १९९९ मध्ये त्यांनी ते छापलं. मग २००० मध्ये तेच जुने रस्ते पुन्हा पालथे घातले गेले आणि घसरण सगळ्या उत्तर भारतात आहे हे सिद्ध झालं. २००७ पर्यंत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं १९९२ च्या तुलनेत ९९.९ टक्के घटली होती. हजारातलं एक उरलं.

कारण शोधायला आणखी काही वर्षं गेली. आधी संशय विषाणूवर होता. पाकिस्तानात द पेरेग्रिन फंड या अमेरिकन संस्थेच्या मदतीनं लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांची चिरफाड केली. मूत्रपिंडं निकामी झालेली, आतल्या अवयवांवर पांढऱ्या भुकटीसारखं युरिक आम्ल साचलेलं. अशा २५ गिधाडांची तपासणी केली आणि पंचविसांच्या पंचवीस गिधाडांत डायक्लोफिनॅकचा अंश सापडला. गुरांना ताप-सुजेवर टोचलं जाणारं साधं वेदनाशामक. जनावर मेलं की औषध मांसात राहतं आणि ते मांस खाणारं गिधाड दोन-तीन दिवसांत मरतं. गणितानं असंही दाखवलं की शंभरात एकाहून कमी मेलेल्या जनावरांत हे औषध असलं, तरी एवढी पडझड व्हायला ते पुरेसं आहे. एका सांगाड्यावर एकाच वेळी कितीतरी गिधाडं जेवतात, हे डोळ्यांसमोर आणलं की ते पटतं.

२००४ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला, २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद झालं. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही एका मात्रेच्या लहान बाटलीतच विकायचं ठरलं. पुढे आणखी औषधं तपासली गेली. अ‍ॅसिक्लोफेनॅक तर जनावराच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होऊन बसतं. २०२३ मध्ये ते आणि किटोप्रोफेन ही दोन्ही बंद झाली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, हेही असंच तपासून कळलं. गोठ्यात डॉक्टर आले की "मेलॉक्सिकॅम चालेल का?" एवढं विचारायला शेतकऱ्याला काही खर्च नाही. पण हे वाक्य त्याच्या तोंडी यायला आधी कितीतरी वर्षांची मोजणी, शवविच्छेदनं आणि चाचण्या झाल्या आहेत.

गिधाडं गेल्यानं माणसाचं काय बिघडलं, याचाही हिशेब आता झाला आहे. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडांचे जिल्हे आणि बिगर-गिधाडांचे जिल्हे यांच्या मृत्यूंच्या आकड्यांची तुलना केली. कुजणारी जनावरं, वाढलेली भटकी कुत्री, दूषित पाणी यांमुळे २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख माणसं जास्तीची मेली, असा त्यांचा अंदाज आहे. नुकसान वर्षाला सुमारे ६,९४० कोटी डॉलर. पक्ष्यांच्या अभ्यासाला पैसा कशाला, असं कुणी म्हटलं की मी हा आकडा सांगतो.

आता खर्चाचा हिशेब मांडू. आपल्याच रानपिंगळ्याचं उदाहरण घेऊ.

या पक्ष्याचं सगळं आयुष्य ढोलीभोवती फिरतं. घुबड स्वतः झाड पोखरत नाही. सुतार पक्ष्यानं केलेलं किंवा फांदी कुजून आपोआप झालेलं पोकळ भोक त्याला लागतं, आणि अशी भोकं जुन्या, अर्धवट वाळलेल्या झाडांत असतात. मी पहिल्यांदा ढोली बघितली ती तोरणमाळच्या खालच्या अंगाला. सोबत इथल्या पावरा या आदिवासी समाजातले एक दादा होते, वय पन्नाशीचं, या डोंगरात जन्म गेलेला. त्यांनी मला पंचवीस-तीस पावलं आधीच थांबवलं. झाड वाळलेलं, साल निघून करडं पडलेलं, आणि जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर मुठीएवढं काळं भोक. भोकाच्या खालच्या कडेला खोड गुळगुळीत, चमकतं झालेलं, रोज पंजे टेकून. बुंध्याशी पांढऱ्या विष्ठेचे ओघळ आणि पाल्यात पडलेली एका सापसुरळीची शेपटी. दादांनी बोट ओठांवर ठेवलं. अर्ध्या तासानं नर शेजारच्या झाडावर येऊन बसला, चोचीत सरडा, आणि शेपटी डावी-उजवीकडे झटकू लागला. हे घुबड दिवसा शिकार करतं, म्हणून हे सगळं बघायला मिळतं.

आता या ढोलीचा अभ्यास करायचा तर काय लागेल? एक संशोधक, पूर्ण वेळ. २०२३ पासून सरकारी फेलोशिपचा दर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये आहे. तीन वर्षांचे होतात १३ लाख ९२ हजार, घरभाडं वेगळं. समजा दोन स्थानिक निरीक्षक, महिना १५,००० प्रत्येकी. तीन वर्षांचे १० लाख ८० हजार. पेट्रोल, गाडीची दुरुस्ती, मुक्काम समजा वर्षाला दीड लाख, म्हणजे साडेचार लाख. दुर्बिणी, ढोलीत सोडायचा लांब नळीचा कॅमेरा, आवाज टिपणारं यंत्र असे दोन लाख धरू. एकूण ३१ लाखांच्या वर, म्हणजे वर्षाला साधारण साडेदहा लाख.

यात उपग्रहाशी बोलणारे टॅग धरलेले नाहीत. असा एक टॅग लाखाच्या घरात जातो. शिवाय पक्ष्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या तीनेक टक्क्यांहून जास्त ओझं नको, असा संकेत आहे. रानपिंगळा जेमतेम २४० ग्रॅमचा, त्यामुळे टॅग सातेक ग्रॅमच्या आत हवा. टॅगनं मोठी कामं होतात, हे खरं. २०१३ मध्ये नागालँडच्या पांगती भागात अमूर ससाण्यांना पाच ग्रॅमचे टॅग लावले, तेव्हा हा मुठीएवढा पक्षी अरबी समुद्र न थांबता ओलांडून आफ्रिकेत जातो हे साऱ्या देशानं नकाशावर पाहिलं. वर्षभर आधी जिथं त्यांची प्रचंड शिकार होत होती, तिथल्या गावांनी ती थांबवली. पण टॅगची बातमी होते म्हणून पैसा टॅगकडे धावतो. ढोली मोजणाऱ्या माणसाची बातमी होत नाही.

वरच्या हिशेबातलं शेवटचं गणित मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तीन वर्षांनी संशोधकाचा प्रबंध झाला, यंत्रं घेऊन झाली. त्यानंतर नुसती मोजणी चालू ठेवायची तर दोन निरीक्षक आणि पेट्रोल एवढंच लागतं. वर्षाला ५ लाख १० हजार. पहिल्या खर्चाच्या निम्मेच. आणि बरोबर तिथंच पैसा थांबतो.

का थांबतो, हे समजायला पैसा येतो कुठून ते बघावं लागेल.

पहिला झरा सरकारचा. केंद्राच्या योजनेत धोक्यातल्या निवडक प्रजातींसाठी वेगळा कार्यक्रम आहे, गिधाडं त्यात आहेत, आणि २०२० ते २०२५ चा गिधाड कृती आराखडाही निघाला. दुसरा मोठा झरा भरपाई वनीकरणाचा. धरण, रस्ता, खाण यांसाठी वनजमीन वळवली की त्याची किंमत भरावी लागते, आणि २०१६ च्या कायद्यानुसार तिच्यातला ९० टक्के वाटा राज्यांकडे येतो. रक्कम मोठी आहे. पण ती मुख्यतः रोपं लावण्यात जाते, आणि रोपाला ढोली नसते. आज लावलेल्या सागाच्या रोपात रानपिंगळ्याला घर मिळायला माणसाच्या दोन पिढ्या जातील. दरम्यान उभ्या जंगलातलं वाळलेलं झाड "निरुपयोगी" म्हणून निघून जातं. जुनं झाड राखणं हेही वनीकरणाइतकंच मोलाचं काम आहे, हे धोरणात ठळकपणे यायला हवं असं मला वाटतं.

खान्देशानं हे जवळून भोगलं आहे. तळोद्याच्या राखीव जंगलातली मोठी जमीन सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी मोकळी केली गेली. ज्यांची घरं नर्मदेत बुडाली त्यांना जमीन मिळायलाच हवी होती, त्यावर माझा काही वाद नाही. पण ज्या पट्ट्यात डेव्हिडसनला हा पक्षी मिळाला होता त्याच पट्ट्यातलं ते जंगल होतं, आणि तोडण्याआधी तिथं ढोल्या किती होत्या हे कुणी मोजलेलं नव्हतं. १९९७ चा शोध नंतरचा.

तिसरा झरा कंपन्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी आपल्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करायचे असतात. पर्यावरण आणि वन्यजीव त्याच्या यादीत आहेत. अडचण दोन ठिकाणी येते. कायदाच सांगतो की कंपनीनं आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं, आणि कंपन्या आहेत मुंबई-पुण्याकडे. नंदुरबारसारख्या, सरकारी यादीत 'आकांक्षित' म्हणजे मागे राहिलेल्या जिल्ह्याच्या परिसरात अशा कंपन्या किती? दुसरं म्हणजे चालू प्रकल्पाची मुदत, सुरुवातीचं वर्ष सोडून, जास्तीत जास्त तीन वर्षं. हिशेबाच्या शिस्तीसाठी नियम ठीक आहे, पण पाच वर्षांचा झाल्यावर वीण घालणाऱ्या गिधाडासारख्या पक्ष्याच्या आयुष्यात तो बसत नाही.

साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावरून जाताना मला नेहमी वाटतं की सुरुवात इथून करता येईल. तिथं पवनचक्क्यांचं रान उभं आहे. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अभ्यास केला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी होते, आणि खाणारे कमी झाल्यामुळे सरडे मात्र वाढले होते. वारा स्वच्छ वीज देतो, ती हवीच. पण कुठलं पातं कोणत्या महिन्यात पक्ष्यांच्या वाटेत येतं, हे तिथंच मोजावं लागतं. चाळकेवाडीचं उत्तर साक्रीला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. आणि वाऱ्यातून मिळणाऱ्या नफ्याचा थोडा भाग त्याच वाऱ्यात उडणाऱ्यांच्या मोजणीला द्यावा, यात अवघड काय आहे?

चौथा झरा परदेशी निधींचा. ब्रिटनचं रफर्ड फाउंडेशन, अबू धाबीचा मोहम्मद बिन झायेद प्रजाती संवर्धन निधी यांसारख्या संस्था तरुण संशोधकांना छोटी अनुदानं देतात. भारतातल्या पक्ष्यांवरचं कितीतरी चांगलं काम अशा पाच-सात लाखांवर उभं राहिलं आहे. पण संस्थेनं परदेशी पैसा घ्यायचा तर त्याची वेगळी सरकारी नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या एका ठरावीक शाखेतच यावा लागतो, कार्यालयीन खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. हा शेवटचा नियम लहान गावांना लागतो. पूर्वी पुण्या-मुंबईची मोठी संस्था निधी आणायची आणि शहाद्या-चोपड्याच्या चार पोरांच्या मंडळाला त्यातला वाटा द्यायची. ती वाट बंद झाली.

माझ्या अनुभवाची एक गोष्ट सांगतो. आमच्या छोट्या गटानं ढोल्यांच्या मोजणीसाठी एका निधीकडे प्रस्ताव पाठवला होता. तीन वर्षांची मोजणी आधी झाली होती, पुढची तीन वर्षं हवी होती. नकार आला, कारण एका ओळीचं: यात नवीन काय आहे? मी ते पत्र दोनदा वाचलं. नवीन काही नव्हतंच. तीच झाडं, तीच ढोल्या, तेच महिने. तेच तर काम होतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण पैसा मिळाला तेव्हा काय झालं हेही आपल्यासमोर आहे. १९९७ नंतर वेगवेगळ्या गटांनी रानपिंगळ्याचा पाठपुरावा केला. तो मेळघाटात सापडला, आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यात सापडला, २०१४ मध्ये थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात सापडला, गुजरातच्या डांगातही सापडला. २०१८ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत त्याला 'अतिसंकटग्रस्त' मधून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' मध्ये आणलं. पक्षी वाढले म्हणून नव्हे, शोधणारे पाय वाढले म्हणून. आजचा अंदाज प्रौढ पक्षी २५० ते ९९९ असा आहे. खालचा आणि वरचा आकडा यांत चौपटीचं अंतर. एवढी मोकळी जागा अंदाजात राहते, कारण अजून कितीतरी टेकड्या कुणी चढलेलं नाही. आणि पायरी उतरली की अर्जाच्या रकान्यातही पक्षी मागे पडतो, ही भीती मला वाटते.

सगळं काही निधीवरच अडलं आहे असंही नाही. साक्री तालुक्यातल्याच बारीपाड्यानं चैत्राम पवार यांच्या पुढाकारानं शेकडो एकर उजाड जंगल पुन्हा उभं केलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, गावानंच ठरवलेला दंड. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. शिकारी पक्ष्यांसाठी म्हणून त्यांनी हे केलं नव्हतं, पाणी आणि पोट यांसाठी केलं. पण जुनं झाड उभं राहिलं की त्यात ढोली होते, आणि ढोली झाली की कुणीतरी राहायला येतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गावांना जंगलावर सामूहिक हक्क दिले आहेत. अशा गावाला "तुमच्या जंगलातली वाळलेली झाडं अमुक इतकी राखा, ढोल्यांची नोंद तुमचीच पोरं ठेवतील, आणि त्याचा मोबदला गावाला मिळेल" असं कुणी म्हणालं, तर तो पैसा वाया जाणार नाही. चुलीला सरपण लागतं, हे विसरून केलेलं संवर्धन मात्र टिकत नाही. त्यामुळे त्या मोबदल्यात गॅसच्या सिलिंडरचाही विचार हवा.

मघाशी सांगितलेलं ते ढोलीचं करडं झाड आता नाही. आमची तीन वर्षं मार्चअखेर संपली, पुढचं वर्ष कुणीच गेलं नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी स्वखर्चानं गेलो तर तिथं हातभर उंचीचं खुंट. दादा खाली मान घालून म्हणाले, "वाळेल झाड व्हतं भाऊ, लोके लई ग्यात." त्यांचा काही दोष नव्हता. पगार थांबला तशी त्यांची फेरीही थांबली होती, आणि ज्यानं झाड नेलं त्याला त्यात घर होतं हे ठाऊकच नव्हतं.

मग त्यांनी घरात नेलं आणि भिंतीवरचं जुनं कॅलेंडर दाखवलं. पलीकडच्या नाल्यात दुसरी एक जोडी त्यांनी हेरली होती. पैसे बंद झाल्यावरही, आवाज ऐकला की ते त्या तारखेभोवती मुलीच्या पेन्सिलनं गोल करत होते. डिसेंबरात सात गोल. जानेवारीच्या पहिल्या दोन आठवड्यांत पाच. त्यानंतर पानं कोरी, कारण ते बांधकामावर सुरतेला गेले होते. होळीला परत आले, आणि होळीच्या दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गोल सुरू. रानपिंगळ्याची अंडी आणि पिल्लं नेमकी त्या मधल्या कोऱ्या चौकटींत असतात.